वाचकांचे प्रश्न : दुचाकीवरून सहकुटुंब परदेशप्रवास

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहतो. पती-पत्नी, सोळा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा अशा आम्हा चौघांना दसऱ्याच्या सुटीत मोटारसायकलींवरून परदेशी जायचे आहे. पतींची ३५० सीसीची गाडी त्यांच्या नावावर आहे. दुसरी गाडी गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ती मी चालवणार आहे. मी बारा वर्षे स्कूटर चालवते, गिअरची गाडी आता शिकले आहे. पतींच्या मनात मणिपूरमार्गे म्यानमार ओलांडून थायलंडला जाण्याचे आहे. हे शक्य आहे का? तयारी कशी करावी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : थायलंडचा बेत सध्या बाजूला ठेवावा, असे मी आपल्याला स्पष्टपणे सांगेन. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यापासून म्यानमारमध्ये जो संघर्ष चालू आहे, तो पाहता मुलांना घेऊन त्या रस्त्याने जाऊ नये. भूतानचा पर्याय पाहिला, तर तिथे भारतीय प्रवाशाला दर रात्री १,२०० रुपये शुल्क भरावे लागते. मुलाचे निम्मे धरले, तरी आपले रात्रीचे ४,२०० रुपये केवळ शुल्कातच जातील. पहिल्या परदेशवारीसाठी नेपाळच योग्य आहे. तिथे व्हिसा लागत नाही, आपले वाहन परवाने चालतात, वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असते आणि गाडीसाठी कार्नेची, म्हणजे आपले वाहन परदेशात तात्पुरते नेण्याच्या हमीपत्राची, गरज नसते. सरहद्दीवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, कार्यालयात दिवसांच्या हिशोबाने शुल्क भरून परवाना घ्यायचा; मुदत उलटल्यास दंड होतो, म्हणून एक-दोन दिवस जास्तीचेच मागावेत.

आपल्या पत्रातील दोन गोष्टींची मात्र मला खरी काळजी वाटते. सासऱ्यांच्या नावावरची गाडी आहे तशी सरहद्दीपलीकडे नेऊ नये. मालकाच्या निधनानंतर वारसाने आरटीओला कळवून नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते आणि विम्यावरील नावही बदलायचे असते. हे काम राहून जाते, कारण रोजच्या वापरात कोणी विचारत नाही. दुसरे असे की, बारा वर्षे स्कूटर चालवूनही आपला परवाना बिनगिअरच्या दुचाकीचाच असेल, तर गिअरच्या गाडीसाठी तो चालत नाही आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा तिथेच अडतो. शिकाऊ परवाना काढल्यावर पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी किमान ३० दिवस थांबावे लागते, तेव्हा हे आजच हाती घ्यावे. विमा कंपनीकडून पॉलिसीचे क्षेत्र नेपाळपर्यंत वाढवून त्याची लेखी नोंदही घ्यावी.

ओळखपत्राच्या बाबतीत आपल्या सीमाभागात एक वेगळीच अडचण येते. नेपाळला जाण्यासाठी प्रौढांचे आधार कार्ड ग्राह्य नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. पंधरा ते अठरा वयातील मुलांना मुख्याध्यापकांचे ओळख प्रमाणपत्र चालते. मात्र शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा आपला मराठी क्रम असतो, तर दुसऱ्या कागदावर वडिलांचे केवळ आद्याक्षर असते. मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंगही बदलते. चौघांचे सगळे कागद एका रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. शक्य असेल तर चौघांचेही पासपोर्टच काढावेत, म्हणजे हा प्रश्न कायमचा सुटेल.

दसऱ्याचा काळ हवामानाच्या दृष्टीने चांगला आहे, पण त्याच दिवसांत नेपाळचा सर्वांत मोठा सण दसैं येतो. सप्तमीपासून दशमीपर्यंत गॅरेजे आणि दुकाने बंद असण्याची शक्यता धरावी आणि ते दिवस पोखऱ्यासारख्या एकाच ठिकाणी काढावेत. पाऊस लांबला, तर दरडींची चौकशी केल्याशिवाय डोंगरात शिरू नये. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस काठमांडूकडे जाणारे रस्ते दरडींनी बंद पडले होते.

खानापूर ते नेपाळच्या सरहद्दीवरील सोनौली हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. ते मुलांना घेऊन गाडीवर कापण्यात सुटीही संपेल आणि उत्साहही. गाड्या पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने गोरखपूरला पाठवाव्यात (टाकी पूर्ण रिकामी करावी लागते) आणि आपण रेल्वेने जावे. पुढे पहिला मुक्काम लुंबिनी, दुसरा तानसेन आणि तिसरा पोखरा असा ठेवला, तर घाटात घाई होणार नाही. दिवसाला किती किलोमीटर जायचे, हे चालवणाऱ्याने नव्हे, तर मागे बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या अंगाने ठरवावे. त्याची पावले फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का, हे आधी पाहावे. जेवणानंतर मुलांना मागच्या सीटवर डुलकी लागते. त्याचे हेल्मेट आपल्या पाठीवर हलकेच आपटू लागले की तो पेंगतो आहे असे समजावे आणि पुढचे गाव येण्याची वाट न पाहता तिथेच थांबावे. माझ्या मते हा साऱ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी चौघांनी, पूर्ण सामानासह, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जावे आणि सावंतवाडी-आंबोलीमार्गे परतावे. घाटात ओझ्यासह गिअरची गाडी उतरवण्याचा आपला सरावही होईल आणि सामान बांधण्यातील चुकाही कळतील. त्या दोन दिवसांत ज्या पिशवीची चेन एकदाही उघडली नाही, ती पिशवी नेपाळला नेऊ नये.