खर्चाचा जाब सभागृहात कसा विचारला जातो? : वाचकांचे प्रश्न

विधिमंडळाचे नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की रविभवन आणि आमदार निवासाच्या परिसरात रंगरंगोटी सुरू होते, सिव्हिल लाइन्समधील रस्त्यांची डागडुजी होते आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. विरोधी बाकांवरील आमदार मंत्र्यांना सरकारी खर्चाबद्दल जाब विचारतात, त्यातून सामान्य माणसाच्या पदरात नेमके काय पडते, असा या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर झालेला असताना डिसेंबरात नागपूरला पुन्हा हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या कशा येतात? विरोधक कितीही बोलले तरी त्या मंजूर होतातच. मग त्या बोलण्याला अर्थ काय? (निवृत्त बँक कर्मचारी, धंतोली)

वर्षाच्या मध्येच एखाद्या कामासाठी धरलेली तरतूद अपुरी पडली किंवा अर्थसंकल्पात नसलेला नवा खर्च उद्भवला, तर संविधानाच्या अनुच्छेद २०५ नुसार सरकारला सभागृहापुढे पुरवणी मागणी मांडावी लागते, कारण सभागृहाच्या मंजुरीवाचून राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. त्यामुळे पुरवणी मागणी येणे यात गैर काही नाही. अवकाळी पाऊस किंवा पूर मार्चमध्ये कोणाला दिसत नसतो. चिंता वाटते ती या मागण्यांच्या आकाराची. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात सुमारे ५५,५२० कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. जून-जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात, म्हणजे त्या वर्षीचा अर्थसंकल्प अजून त्याच अधिवेशनात चर्चेत असताना, सुमारे ९४,८८९ कोटींच्या मागण्या मांडल्या गेल्या आणि त्यांतील २५,००० कोटी एकट्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी होते. योजना चांगली की वाईट, हा वेगळा विषय आहे. पण एवढी रक्कम मूळ अंदाजात का धरली गेली नाही, हे विचारणे विरोधकांचे कामच आहे, आणि तेवढ्यावर न थांबता ती रक्कम कुठून उभी राहणार, हेही त्यांनी विचारले पाहिजे.

आता बहुमताचा मुद्दा. विधानसभेच्या २८८ सदस्यांत ज्याचे बहुमत त्याची मागणी मंजूर होणार, हे उघड आहे. मागणीची रक्कम कमी करण्याची सूचना, म्हणजे कपात सूचना, मतास टाकली तरी ती फेटाळली जाते. विधान परिषदेला तर मागण्यांवर मतदानाचा अधिकारच नाही, तिथे केवळ चर्चा होते. पण मतदान एक आणि मंत्र्याचे उत्तर दुसरे. मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर छापील कार्यवाहीत कायम राहते आणि पुढच्या अधिवेशनात तेच त्याच्यापुढे ठेवता येते.

खर्चावरचा प्रश्न पोकळ की भरीव, हे ओळखण्यासाठी आम्ही वाचकांना तीन आकडे लक्षात ठेवायला सांगू: तरतूद, वितरण आणि प्रत्यक्ष खर्च. अर्थसंकल्पात शंभर कोटींची तरतूद झाली म्हणजे विभागाच्या हातात शंभर कोटी आले असे नसते. वित्त विभाग त्यांतील काही भागच वितरित करतो, आणि वितरित झालेल्यांपैकीही काही रक्कम खर्च न होता वर्षाअखेरीस समर्पित, म्हणजे परत, केली जाते. एखाद्या विभागाने मूळ तरतुदीतील मोठा हिस्सा खर्चलाच नसेल आणि तरीही त्याच लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्याच सदराखाली, पुरवणी मागणी आणली असेल, तर नेमक्या त्या जागी बोट ठेवणारा आमदार सरकारला खऱ्या अर्थाने अडचणीत आणतो. मूळ अनुदानही पुरते खर्च झाले नसताना घेतलेली पुरवणी मागणी अनावश्यक ठरली, असा शेरा सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वारंवार सापडतो. पण तो अहवाल येतो वर्ष उलटून गेल्यावर. आमदाराच्या हाती तीच माहिती चालू वर्षातच येऊ शकते, कारण कोणत्या लेखाशीर्षावर किती निधी वितरित झाला आणि किती खर्च झाला, हे शासनाच्या बीम्स या संगणकप्रणालीवर नोंदले जाते. मागणीची एकूण रक्कम ऐकून केवळ ‘राज्य कर्जबाजारी झाले’ असे भाषण करणे सोपे आहे. त्याऐवजी त्या रकमेतून केंद्राचा वाटा आणि इतरत्र झालेली बचत वजा करून तिजोरीवर येणारा निव्वळ भार किती, हे वित्तमंत्र्यांकडून वदवून घेण्यास अभ्यास लागतो, आणि विदर्भाच्या आमदारांकडून आम्हाला या अभ्यासाची अपेक्षा आहे.

गोसीखुर्दवर लहानपणापासून प्रश्न विचारलेले ऐकत आलो. प्रत्येक मंत्री नवी तारीख देतो. हे थांबेल का? (शेतकरी, पवनी, जि. भंडारा)

तुमची खंत रास्त आहे. वैनगंगेवरील या प्रकल्पाची कोनशिला तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी बसली, तेव्हा त्याचा मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे सुधारित प्रशासकीय मान्यतांमागून मान्यता मिळत गेल्या, ज्यांना पाटबंधारे खात्यात आणि आता गावोगावीही ‘सुप्रमा’ म्हणतात, आणि किंमत १८,४९४ कोटींवर पोहोचली. भूसंपादन आणि पुनर्वसन रखडले, कामांची व्याप्ती वाढत गेली, दर वाढत गेले, आणि विलंबाने वाढलेली किंमत पुन्हा नव्या विलंबाचे कारण ठरत गेली. केंद्राने राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिल्यावरही हे चक्र लगेच सुटले नाही. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न दाखवून ज्यांच्या जमिनी आणि घरे घेतली, त्यांतील अनेकांची हयात वाट पाहण्यात गेली, याचे दुःख कोणत्याही तांत्रिक उत्तराने हलके होत नाही.

तारखा थांबवायच्या असतील तर प्रश्नाची तऱ्हा बदलावी लागेल. ‘प्रकल्प केव्हा पूर्ण होणार?’ असे विचारले की मंत्री एक वर्ष सांगून मोकळा होतो. तेच जर ‘उजव्या कालव्याच्या अमुक वितरिकेवर (शाखेवर) या वर्षी किती निधी वितरित झाला, किती किलोमीटर काम झाले, शेवटच्या टोकाच्या कोणत्या गावांत पाणी पोहोचले आणि किती कुटुंबांचा पुनर्वसनाचा मोबदला बाकी आहे?’ असे विचारले, तर उत्तर तालुक्यातल्या माणसाला शेतात जाऊन तपासता येते. शिवाय मंत्र्याने दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ‘तीन महिन्यांत काम सुरू करू’ असे सभागृहात म्हटले गेले की ते आश्वासन नोंदले जाते आणि विभागाला त्याचा हिशेब समितीपुढे द्यावा लागतो. आपल्या आमदाराने प्रश्न विचारला म्हणून त्याचा सत्कार करण्याआधी, त्यावर मिळालेल्या आश्वासनाचे समितीत काय झाले, हे त्याला अवश्य विचारा.

महालेखापरीक्षकांचा अहवालही असाच दुर्लक्षित राहतो. अनुच्छेद १५१ नुसार तो राज्यपालांमार्फत सभागृहासमोर ठेवला जातो, पण बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा चर्चेला वेळच उरलेला नसतो. नंतर तो लोकलेखा समितीकडे जातो. या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा संकेत आहे आणि तिच्यापुढे विभागाच्या सचिवाला साक्षीसाठी बोलावले जाते. तिथे कॅमेरे नसतात, घोषणा नसतात, आणि आमच्या मते विरोधकांचे सर्वांत मोलाचे काम याच बंद खोलीत होऊ शकते.

आमच्या भागात संत्र्याची फळगळ झाली. मदत जाहीर झाली, पण खात्यात जमा झाली नाही. आमदाराला निवेदन दिले. तो प्रश्न सभागृहात कसा जातो? (संत्रा उत्पादक, काटोल तालुका)

तुमच्या निवेदनावरून आमदार तारांकित प्रश्नाची सूचना विधानमंडळ सचिवालयाला देऊ शकतात. प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेले निवेदन बहुधा लक्षवेधीच्या, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेच्या, किंवा औचित्याच्या मुद्द्याच्या कामी येते, तारांकित प्रश्नाच्या नव्हे. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते.

अशा प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. समजा, तुमचा प्रश्न पुढीलप्रमाणे दिला गेला:

‘(१) काटोल व नरखेड तालुक्यांत संत्रा बागांमध्ये फळगळ होऊन उत्पादकांचे मोठे नुकसान झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, नुकसानीचे पंचनामे करून मदत देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यावर येणारे उत्तर असे असू शकते: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) पंचनामे पूर्ण झाले असून मदतीचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ प्रश्न विचारला गेला, उत्तरही आले, पण तुमच्या खात्यात पैसे का आले नाहीत हे कोणालाच कळले नाही. ‘नसल्यास’ या अटीवर टांगलेला तिसरा भाग मंत्र्याला निसटण्याची वाट देतो. त्याऐवजी किती हेक्टर क्षेत्र बाधित आढळले, किती रक्कम मंजूर झाली, ती कोणत्या दिनांकास जिल्हाधिकाऱ्यांकडे वितरित झाली, त्यांतील किती रक्कम किती शेतकऱ्यांच्या बँक खात्यांत जमा झाली आणि उरलेली कोणत्या टप्प्यावर अडली आहे, असे थेट विचारले तर ‘विचाराधीन’ म्हणायला जागा उरत नाही. म्हणून निवेदनात केवळ ‘मदत मिळाली नाही’ असे लिहू नका. तलाठ्याने पंचनामा केल्याचा दिनांक, शासन निर्णयाचा दिनांक आणि गावातील वंचित शेतकऱ्यांची यादी जोडा. आमदाराच्या हाती हे कागद असतील तर मंत्र्याच्या उत्तरानंतर तो उपप्रश्नात त्याला पकडू शकतो, आणि उत्तर असमाधानकारक वाटल्यास अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात किंवा त्यावर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते.

विरोधी पक्षनेताच नसेल तर सरकारला जाब कोण विचारणार? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सक्करदरा)

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत कोणत्याही विरोधी पक्षाला विधानसभेच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. त्यांतील सर्वांत मोठ्या पक्षाकडे २० जागा होत्या. डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविनाच झाले. एक दशांशाची अट संविधानात नाही आणि राज्याच्या १९७८ च्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांच्या कायद्यातही नाही. तो कायदा विरोधातील सर्वाधिक सदस्यसंख्येच्या पक्षाचा आणि अध्यक्षांच्या मान्यतेचा उल्लेख करतो. हे पद रिकामे राहणे आम्हाला चुकीचे वाटते, कारण त्यामुळे विरोधकांच्या विखुरलेल्या प्रश्नांना एक सूत्र देणारा माणूस हरवतो. मात्र प्रश्न विचारण्याचा अधिकार पदाला जोडलेला नाही. तो प्रत्येक सदस्याचा आहे आणि सत्ताधारी आमदारही तो अनेकदा चांगला वापरतात.

नागपूर करारात अधिवेशन किती दिवसांचे असावे हे लिहिले आहे का? आठवडाभरात विदर्भाच्या खर्चावर काय चर्चा होणार? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, नंदनवन)

विदर्भ महाराष्ट्रात सामील होण्याबाबतच्या २८ सप्टेंबर १९५३ च्या या करारात शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे भरवावे, असे म्हटले आहे. दिवसांची संख्या त्यात नाही, आणि तीच पळवाट ठरली. १९६० पासून अधिवेशने येथे भरत आली, २०२० आणि २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले, आणि डिसेंबर २०२४ चे अधिवेशन आठवडाभरात आटोपले. इतक्या थोड्या दिवसांत प्रश्नोत्तरे, लक्षवेधी, विधेयके आणि पुरवणी मागण्या कोंबल्या की विधानसभेच्या नियम २९३ खालची विदर्भावरची चर्चा रात्री उशिरा, निम्म्या रिकाम्या बाकांपुढे होते, आणि न चर्चिलेल्या मागण्या एकत्रच मतास टाकल्या जातात.

तुमच्या अभ्यासक्रमासाठी आणखी एक धागा सांगतो. अनुच्छेद ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली आणि त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये काढलेल्या अनुशेषाच्या, म्हणजे विकासातील तुटीच्या, आकड्यांमुळेच या मागणीला बळ मिळाले होते. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यानंतर प्रदेशनिहाय खर्चाचा आकडा मागण्याचे एक घटनात्मक साधन आमदारांच्या हातून गेले, आणि विदर्भाला किती मिळाले हे आता एकेका विभागाला वेगळे विचारूनच जमवावे लागते.

कामकाज प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कोणत्या दिवशी यावे? (गृहिणी, वर्धा)

पहिल्या दिवशी शक्यतो येऊ नका. त्या दिवशी पायऱ्यांवरची निदर्शने आणि शोकप्रस्ताव यांतच वेळ जातो, आणि मॉरिस कॉलेज चौक व टेकडी रोडवर मोर्चांचा बंदोबस्त असल्याने पोहोचणेही कठीण होते. पुरवणी मागण्या पहिल्या दिवशी मांडल्या जातात, त्यांवरची चर्चा व मतदान पुढे होते. तो दिवस कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. प्रेक्षक गॅलरीच्या प्रवेशिकेसाठी आपल्या आमदारांच्या कार्यालयात काही दिवस आधी सांगा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाइल आत नेता येत नाही. सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला बसा, जेवणानंतर मागण्यांवरची चर्चा ऐका. आदल्या रात्री विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून त्या दिवसाची तारांकित प्रश्नांची यादी उतरवून आणलीत, तर कोणता मंत्री ठरावीक उत्तरापलीकडे काही सांगतो आहे, हे गॅलरीतूनच तुमच्या लक्षात येईल.