सोऱ्या तुझ्या हातात न दिल्याबद्दल

मनू,

शाळेतून आणलेल्या त्या कागदावर तीन रकाने होते. शरद ऋतूत तुमच्या घरी काय काय करतात त्याचं चित्र काढा आणि खाली दोन ओळी लिहा. पहिल्यात तू सफरचंदाचं झाड काढलंस, त्याखाली आपण चौघं आणि ती बाबाला उचलवेना झालेली पिशवी. दुसऱ्यात पंपकिन पाय, दरवर्षी दुकानातून आणतो तोच. तिसऱ्यापाशी पेन्सिल चावत मला विचारलंस, "आई, आपलं मराठी असं फॉलमध्ये कोझी काही नसतं का?" मी म्हटलं, अगं, फराळ असतो की. त्यावर तू अगदी सहज म्हणालीस, "पण तो तर तू एकटीच करतेस. आणि तेव्हा तू चिडलेली असतेस."

मी भांडी विसळत होते, विसळतच राहिले. तू तिसऱ्या रकान्यात वाळक्या पानांचा ढीग काढून मोकळी झालीस. याला चार दिवस झाले. उद्या सोमवार, कॅनडातली थँक्सगिव्हिंगची सुट्टी. तुम्ही सगळे झोपलात म्हणून लिहायला बसले आहे. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी काही समजवायला लागले की त्याचं लेक्चर होतं, असं तूच म्हणतेस. अडलं तर बाबाला विचार.

आधी एक कबूल करते. कोझीला माझ्याकडे मराठी शब्द नाही. उबदार म्हणावं, तर मिरजेत ऑक्टोबरमध्ये ऊब कुणाला हवी असते? पाऊस परत फिरलेला, आभाळ निरभ्र, जमीन अजून ओली आणि वरून ऊन असं की त्याला नावच पडलंय ऑक्टोबर हीट. शाळेतून येईपर्यंत गणवेश पाठीला चिकटलेला असायचा. अशा दिवसांत माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, परसात स्टोव्ह पेटवून फराळाला बसायची. घामाने तिचं कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचं आणि पिठाच्या हातांनी तिला ते पुसताही यायचं नाही. मग मला हाक. पदराने तिचं नाक पुसायचं काम माझं. कोझी म्हणायचं का याला? मला नाही वाटत.

पण फराळाच्या आधी हादगा असायचा, आणि तो मात्र मला तुझ्या त्या रकान्यात घालावासा वाटतोय.

तुला आपल्या मंडळाचा भोंडला माहीत आहे. शनिवारी दुपारी, भाड्याच्या हॉलमध्ये, भिंतीवर गाण्यांचे शब्द पडद्यावर. तुला तिथे कंटाळा येतो ते मला दिसतं. खरं सांगू, थोडा मलाही येतो. आमच्याकडे त्याला हादगा म्हणायचे. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २७ सप्टेंबर उलटला, की सुरू, ते पुढे १६ दिवस. पाटावर खडूने हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा. हस्ताचा हत्ती कसा झाला, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत चढत सोळाव्या दिवशी सोळा. गाण्यांत बहुतेक वेळा एक सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते आणि सासू एकामागून एक अटी घालत जाते. तू म्हणशील, तिने गाडी काढून सरळ निघून का नाही जायचं? माझ्यापाशी याचं उत्तर नाही. आम्ही अर्थ न कळता गायचो. आजीला अर्थ कळत असणार, आणि तीच सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायची.

गाणी संपली की खिरापत. ती लगेच मिळत नाही, आधी ओळखावी लागते. गोड की तिखट? ओली की कोरडी? डबा कानाशी नेऊन हलवून बघायचा. आमच्या घरचा दिवस आला की आजी बहुतेक वेळा भडंग करायची, आणि भडंग डब्यात वाजतं हे अख्ख्या वाड्याला ठाऊक. म्हणून एका वर्षी तिने भडंगावर कोरडा पंचा दाबून बसवला आणि वरून झाकण लावलं. डबा मुका. मुली लाडवापासून वाटल्या डाळीपर्यंत सगळं सांगून थकल्या. मला माहीत होतं, कारण सकाळी सालीसकट लसूण मीच ठेचला होता. मी तोंड घट्ट मिटून उभी. शेवटी शेजारच्या एका मुलीने माझा हात ओढला, बोटं हुंगली आणि ओरडली, "भडंग!"

इथे मी भडंग करते तेव्हा तुला धुराचा अलार्म तेवढा आठवत असणार. तेलात लसूण लाल होईपर्यंत थांबावं लागतं, मग कढीपत्ता, दाणे, हळद, तिखट, आणि खिडकी उघडावी तर बाहेर सहा अंश. तुझा काका, म्हणजे माझा दादा, तेव्हा कुंपणावर बसून डबा उघडायची वाट बघायचा. मुलगा म्हणून त्याला फेरात घेत नसत, आणि मुलगा म्हणूनच लसूणही ठेचायला लावत नसत. तेव्हा ते मला खटकलं नाही. आता खटकतं.

मग कोजागिरी. ती तर परवाच झाली, सोमवारी, ६ तारखेला. त्यानंतर दोनच दिवसांनी तू तो कागद भरलास आणि त्यात दूध नव्हतं, हे मला जास्त लागलं. समोरच्या आंटींनी त्याच दिवशी मूनकेक आणून दिले होते, आठवतंय? त्यांचाही चंद्राचा सण त्याच दिवशी, चंद्रही तोच. आणि इथले लोक ज्याला हार्वेस्ट मून म्हणतात तोही या वर्षी हाच होता. आपण ड्राइव्हवेवर पायजम्यावर जॅकेटं चढवून उभे, हातात केशर-वेलदोड्याचं आटवलेलं दूध. पण मी काय केलं? चंद्र आणि पेले एका फोटोत यावेत म्हणून तुम्हाला सहा वेळा हात वर करायला लावले. दूध गार झालं, त्यावर साय धरली, नीलने ती बोटाने काढून झुडपात टाकली. मी असते तर मीही ते कागदावर लिहिलं नसतं.

त्या रात्री मी तुला ओवाळलं तेव्हा तू रस्त्याकडे बघत होतीस, कुणी पाहत नाही ना म्हणून. कोजागिरीला घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. आमच्याकडे थोरला दादा. मी दरवर्षी ताटाशेजारी उभी राहून विचारायची, आणि मला? आजी म्हणायची, तू नंतर आलीस ना, मग थांब. नंतर असं कधी काही आलं नाही. त्यामुळे तुला ओवाळताना माझ्या मनात काय चाललेलं असतं ते तुला कळायचं कारण नाही. लाज वाटत असेल तर पुढच्या वर्षी घरात ओवाळू. नको असेल तर तेही सांग, मी रुसणार नाही. रुसले तरी फार वेळ नाही.

आता ते चिडण्याचं.

गेल्या वर्षी तू सोऱ्या फिरवायला मागितलास. पहिली चकली दुसऱ्या वेढ्याला तुटली, तिसरीही तुटली, आणि मी "दे इकडे" म्हणून तो तुझ्या हातातून काढून घेतला. बारा घरी डबे द्यायचे होते, चकल्या दिसायला हव्या होत्या. तू वर निघून गेलीस. पण मनू, चकली अशी तुटते ती पीठ घट्ट मळलं गेलं की. फिरवणाऱ्याचा त्यात दोष नसतो. पीठ मी मळलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तुला इथे लिहिणार होते की माझी आजी मला सोऱ्या द्यायची, मोडक्या चकल्यांचा वेगळा डबा करायची, कधी ओरडायची नाही. खात्री करावी म्हणून काल मिरजेच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, फोन केला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "तू? तू दोन चकल्या घालून पळायचीस. आणि माझ्या सासूबाई फराळाचे चार दिवस अशा करवादायच्या की मांजर घरात येत नसे." मग मोडक्यांचा डबा? तो होता म्हणाली. पण तो दादाचा होता, तो तळणीतल्या मोडक्या चकल्या पळवायचा.

म्हणजे मी इतकी वर्षं ज्याची आठवण काढतेय त्यातलं निम्मं मीच रचलेलं. लसणाचं मात्र खरं आहे, ते तिलाही आठवलं.

उद्या मी चकल्या करणार आहे. दरवर्षी या सुट्टीलाच करते, दिवाळीच्या आठवड्यात ऑफिस असतं. भाजणी बाहेर काढून ठेवली आहे. पायसाठी म्हणून मोठ्या हौसेने आणलेला छोटा लाल भोपळाही ओट्यावर तसाच पडलाय. पाय मला जमत नाही, गूळ घालून घारगे जमतात, ते थापायला मात्र दोन हात कमी पडतात. तुला मैत्रिणीकडे जायचं असेल तर जा, खरंच. नीलला मी लसूण ठेचायला बसवणार आहे, तो अजून नाही म्हणायच्या वयाचा नाही.

पीठ या वेळी सैल मळते. अलार्म वाजेल तेव्हा त्याच्याखाली टॉवेल हलवायला कुणीतरी लागेलच, आणि माझा हात तिथवर पोहोचत नाही.

आई