समुद्र लागला की एन्क्लेव्ह राहतो का?

प्रश्न असा आहे: गोवा, दमण, दीव यांना ‘पोर्तुगीज एन्क्लेव्ह’ म्हटलेले वाचायला मिळते आणि दादरा-नगर हवेलीलाही तेच नाव दिलेले असते. एकाला समुद्र, दुसऱ्याला नाही. मग दोघांना एकच शब्द कसा? आणि ‘एक्सक्लेव्ह’ त्याहून निराळा का?

काटेकोर बोलायचे तर दादरा-नगर हवेली एन्क्लेव्ह होती, गोवा नव्हता. सैल बोलण्यात दोन्ही चालतात आणि गल्लत तिथेच होते.

भोवती कोण आहे, एवढेच पाहिले की एन्क्लेव्ह ठरतो: चहूबाजूंनी एकाच परक्या देशाने वेढलेला मुलूख. एक्सक्लेव्ह ठरवताना तो मुलूख आपल्या मूळ देशापासून परक्या हद्दीमुळे तुटला आहे का, हे पाहायचे. लेसोथो दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे, पण कोणाचा तुकडा नाही. म्हणून नुसता एन्क्लेव्ह. कालिनिनग्राड रशियापासून तुटलेला, पण त्याला पोलंड, लिथुआनिया आणि बाल्टिक समुद्र असे तीन शेजारी. म्हणून नुसता एक्सक्लेव्ह. ओमानचा मद्हा दोन्ही आहे, आणि अमिरातीने वेढलेल्या या मद्ह्याच्या आत पुन्हा शारजाचे नहवा आहे. दुबईची मराठी मंडळी सुट्टीत ज्या मुसंदमला जातात तोही ओमानचा तुटलेला तुकडा, पण त्याला होर्मुझचा किनारा आहे. त्यामुळे तो एक्सक्लेव्ह, एन्क्लेव्ह नाही.

किनाऱ्याने एवढा फरक का पडतो? 1982 च्या समुद्र कायदा करारानुसार आधाररेषेपासून (साधारणपणे ओहोटीच्या वेळची किनाऱ्याची रेषा) 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22.2 किलोमीटर, देशाला प्रादेशिक समुद्र ठेवता येतो. तिथे जमिनीसारखेच सार्वभौमत्व असते. वरचे आकाश आणि खालचा तळही त्यात आला. एकच सवलत द्यावी लागते, ती परक्या जहाजांच्या निरुपद्रवी जाण्यायेण्याची. ही सवलत विमानांना नाही, आणि पाणबुडीने पृष्ठभागावर येऊन आपला झेंडा दाखवत जायचे असते. त्यापुढे 200 मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र शेजाऱ्याचे असले तरी त्याचा हक्क मासे, तेल, वायू अशा साधनसंपत्तीवर चालतो. जाणारे जहाज त्याला अडवता येत नाही. म्हणून ज्या तुकड्याचे पाणी मोकळ्या समुद्राला भिडते त्याला वेढा पडला असे म्हणता येत नाही. गांबिया तीन बाजूंनी सेनेगलने घेरलेला असूनही एन्क्लेव्ह नाही, तो यामुळेच. अशांना फार तर अर्ध-एन्क्लेव्ह म्हणावे.

हा नुसता शब्दच्छल नाही. 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगालच्या हातून गेली, तेव्हा दमणहून तिकडे कुमक पाठवायला भारताच्या जमिनीवरूनच जावे लागले असते. भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 1960 च्या निकालात खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी नाही. भारताने हक्कभंग केला नाही, असेही न्यायालयाने म्हटले. गोव्याला मात्र मुरगाव बंदर होते. जमिनीवरची नाकेबंदी झाली तरी जहाजे येत राहिली, आणि पोर्तुगीज सत्ता डिसेंबर 1961 पर्यंत टिकली.

खरी गंमत क्रोएशियात आहे. बॉस्नियाचा नेउमजवळचा सुमारे 20 किलोमीटरचा किनारा क्रोएशियाच्या दुब्रोवनिक भागाला उरलेल्या देशापासून तोडतो. जमिनीचा नकाशा पाहिला तर दुब्रोवनिक सरळसरळ एक्सक्लेव्ह. पण नेउमच्या खाडीबाहेरचे पाणी क्रोएशियाचेच आहे. मुख्य भूमीवरच्या प्लोचेहून पेल्येशात्स द्वीपकल्पावरच्या त्रपान्यची फेरी पकडली की देशाची हद्द न ओलांडता पलीकडे जाता येते. पाणी धरले तर तो तुटलेलाच नाही! तरी मालाच्या ट्रकांना नेउमच्या रस्त्याने दोनदा सीमा ओलांडावी लागे. जुलै 2022 मध्ये सुमारे 2.4 किलोमीटरचा पेल्येशात्स पूल खुला झाला आणि तो फेरा चुकला. पुलाखाली 55 मीटर उंची मोकळी ठेवली आहे, कारण नेउमला जाणारी बॉस्नियाची जहाजे अडवून चालणार नव्हते.

बेटांच्या बाबतीत घाई करू नये. मध्ये समुद्र आहे म्हणून अंदमान एक्सक्लेव्ह होत नाही. मध्ये परकी हद्द असावी लागते. मलावीची लिकोमा आणि चिझुमुलू ही बेटे मलावी सरोवरात मोझांबिकच्या पाण्यात आहेत, म्हणून ती खरे एक्सक्लेव्ह. तिथे 12 मैलांचे गणित लावू नका. सरोवराला तो नियम नाही, तिथली हद्द करारातून ठरते.

कायद्याच्या लिखाणात आणखी एक वापर दिसेल. हेगच्याच न्यायालयाच्या 2012 च्या निकारागुआ-कोलंबिया निकालात कोलंबियाच्या कितासुएन्यो आणि सेर्राना या कॅरिबियन समुद्रातल्या चिमुकल्या बेटांना भोवती 12 मैलांची पट्टी देऊन ‘एन्क्लेव्ह’ केले गेले. बाहेरचे पाणी निकारागुआचे, पण फक्त आर्थिक क्षेत्र म्हणून. जहाजांना वाट खुलीच आहे.

देशांतर्गत तुकड्यांना ही पाण्याची कसोटी लागत नाही. केरळच्या किनाऱ्यावरचे माहे पुदुच्चेरीचे, पण आपल्याकडे प्रादेशिक समुद्राच्या तळाची संपत्ती संविधानाच्या 297 व्या अनुच्छेदाने केंद्राकडे आहे. त्यामुळे माहेला एक्सक्लेव्ह म्हणायचे की नाही, हे फक्त जमिनीवरची सीमा पाहून ठरवावे.