नक्षीच्या आधी भिंत

बाळा,

तुझे सातही फोटो मिळाले, एकेक मोठा करून पाहिला. हात चांगला आहे तुझा. कमळाची पाकळी एका दमात कोरली आहेस, मध्ये कुठे सुरी अडखळलेली दिसत नाही. हे शिकवून येत नाही, म्हणून आधी तेच सांगते. पण सातांतल्या पाच भांड्यांना गळ्याखाली चीर गेली आहे, आणि तू विचारतेस, बाई, कोरण्या कुठल्या घेऊ? अगं, हा कोरण्यांचा प्रश्नच नाही. तू नक्षी आधी ठरवतेस आणि भिंतीचा विचार नंतर करतेस.

चाकावर साधं भांडं ओढताना भिंत ५-६ मिलिमीटर राहते. कोरायचं असेल तर १०-१२ ठेव. चाकावरून उतरवताना ते बोजड वाटेल, वाटू दे. खोबण निम्म्या जाडीच्या पुढे नेऊ नकोस. तू गळ्याभोवती आडवी खोबण फिरवलीस, आणि गळा आधीच पातळ होता. पातळ भाग लवकर वाळतो, लवकर आकसतो. खालचं पोट अजून ओलं असतं, ते जागचं हलत नाही. या ओढाताणीत चीर पडते. आडव्या रेघेऐवजी तिरपी किंवा उभी रेघ घेतलीस तरी निम्मा ताण जाईल.

त्यात आपली हवा. मे महिन्यात लातूरला पारा चाळिशी ओलांडतो आणि वारा कोरडा. भांड्याचा काठ तासाभरात पांढरट पडतो, तळ मात्र दुसऱ्या दिवशीही मऊ. कोणाकडे बंद पडलेला फ्रिज असेल तर मागून आण. त्यात खाली पाण्याचं ताट, वर भांडी, दार बंद. माती दोन-तीन दिवस एकसारखी राहते. कोरायला पहाटे बस, पंखा लावू नकोस, आणि ज्या बाजूला काम चाललेलं नाही ती ओल्या फडक्यानं झाकून ठेव.

माती तयार झाली हे कसं ओळखायचं? घड्याळ पाहून नाही. कोरणी फिरवलीस की साबणाची वडी तासावी तशी सलग, गुंडाळत जाणारी साल निघाली पाहिजे. कोरणीला चिकटली, कडेला लव उठली, तर थांब. भुगा पडू लागला तर उशीर झाला. तशी कोरडी माती कधीच कोरू नकोस आणि भुगा फुंकून उडवू नकोस. त्यातली सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. ओल्या स्पंजनं पूस, फरशीही ओलीच पूस. हे मी विनंती म्हणून सांगत नाही.

आता कोरण्या. जुन्या छत्रीची काडी घे. तिचा पन्हाळीसारखा भाग घासून धार लावलीस की गोल खोबणीसाठी याहून चांगलं हत्यार नाही. हेक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून सुरी होते. एवढ्यावर दोन वर्षं निघतील.

नक्षीबद्दल मात्र मला भांडायचंय. वेरूळचे हत्ती आणि कमळं तू जशीच्या तशी पोटावर चिकटवली आहेस. तिथं जरूर जा, पण चित्रं उतरवून आणायला नको. कैलास लेण्यासमोर दुपारी बारापासून मावळतीपर्यंत बस. ऊन डोक्यावरून येतं तेव्हा प्रत्येक खोबणीत काळी सावली असते. लेण्यांचं तोंड पश्चिमेला, म्हणून मावळतीचं ऊन समोरून येतं आणि तीच खोली निम्मी वाटते. खोबण किती खोल हवी, तिची कड धारदार की गोल, हे तिथं कळतं. मग घरी येऊन एक साधी रेघ घे आणि पोटाच्या गोलाईबरोबर ती कशी फिरते ते बघ. झिलईही, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, त्याच हिशोबानं निवड. जाड, अपारदर्शक झिलई सगळी मेहनत बुजवते. पातळ, पारदर्शक झिलई खोबणीत साचून गडद होते आणि उंचवट्यावर फिकी राहते. चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या कोरीव सेलॅडॉन, म्हणजे हिरवट झिलईच्या, भांड्यांचं सौंदर्य बरंचसं यातच आहे.

शेतातली काळी माती वापरायची तुझी इच्छा मला फार आवडली. पाकिस्तानात जन्मलेल्या, इंग्लंडमध्ये वाढलेल्या हलिमा कॅसेल खोल भौमितिक नक्षीची भांडी कोरतात. त्यांच्या एका मालिकेत वेगवेगळ्या देशांतून आणलेल्या माती आहेत, एकेका भांड्याला एकेका देशाची. पण आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, पाणी पिऊन फुगणारी. उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भांड्यालाही पडणार. म्हणून ती आधी बारीक चाळणीतून काढून पातळ लेप म्हणून वापर, किंवा विकतच्या मातीत दहात एक भाग मिसळून छोट्या पट्ट्या भाजून बघ. लोखंडामुळे ती भाजल्यावर लालसर तपकिरी होते. कोरून वर आलेला खालचा फिका थर तिच्याशेजारी सुरेख दिसेल.

भट्टीची घाई नको. प्रदर्शन जवळ आलं म्हणून मी एकदा जाड तळाचं भांडं दिसायला कोरडं आहे एवढ्यावरच भरलं होतं. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटलं, आणि त्याच्या कपच्या शेजारच्या चार भांड्यांच्या खोबणींत रुतून बसल्या. महिन्याचं काम होतं ते. गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट तेरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. कच्च्या-पक्क्याची पारख त्यांनी थापटण्यानं केली. तू भांड्याचा तळ गालाला लाव. गार लागला तर आत पाणी आहे. मग १०० अंशांच्या खाली पाच-सहा तास, दार किंचित उघडं ठेवून. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटीचे कण, एकदम प्रसरण पावतं, तिथंही चढताना आणि उतरताना सावकाश.

तेरला जाशील तेव्हा लामतुरे संग्रहालयात मातीच्या वस्तूंसमोर थांब. पांढऱ्या मातीच्या त्या लहान मूर्ती साच्यातून काढलेल्या आहेत, कोरलेल्या नाहीत. साच्याची कड आणि कोरणीची कड यांतला फरक डोळ्यांनी शिकून घे.

आणि पुढच्या वेळी चांगल्या भांड्याचा फोटो पाठवू नकोस. चीर गेलेली पाचही भांडी अजून भाजली नसतील तर आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ओलसर कर, कोरडी कापलीस तर तीच धूळ उडेल. मग तारेनं किंवा करवतीच्या पात्यानं उभी कापून दोन भाग कर. काठापासून तळापर्यंत दर दोन बोटांवर जाडी मोजून भिंतीवरच पेन्सिलीनं लिही. ते अर्धे भाग घेऊन रविवारी ये.

तुझी,
बाई