वर्गाचा ग्रुप आहे, पण इंग्रजी कुठे आहे?

प्रश्न : मी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गात ठरावीक तीन-चार जणच तोंड उघडतात. बाकीच्यांना बोलतं करायला व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तर तिथे 'गुड मॉर्निंग' आणि फॉरवर्डचा पाऊस. ग्रुप बंद करू का?

उत्तर : बंद नको, पण मोठा ग्रुप फक्त सूचनांपुरता ठेवा. मेसेज ॲडमिनच टाकतील अशी सेटिंग करा. गुड मॉर्निंगचा विषयच मिटला. बोलण्यासाठी चार-चार जणांचे ग्रुप करा. सगळ्या वर्गादेखत चुकायची धास्ती फोनवरही जात नाही. उलट तिथे चूक लेखी उरते!

दुसरं, मेसेज तासानंतर नको, तासाआधी हवा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला ३ सेकंद तरी कुठले पुरायला? फोनवर त्याला अख्खी संध्याकाळ मिळते. म्हणून आदल्या दिवशी एकच प्रश्न टाका : 'व्हिच स्कूल रूल वुड यू चेंज, अँड व्हाय?' उत्तर व्हॉइस नोटनेच मागा, कारण टाइप करायला सांगितलं की भाषांतराचं ॲप कामाला लागतं. पोरं स्वतःचं ऐकतात, पुसतात, पुन्हा बोलतात. खरा सराव तिथेच होतो, आणि तो तुम्हाला तपासावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन दप्तरात. प्रत्येकाने स्वतःचं नव्हे, ग्रुपमधल्या दुसऱ्याचं उत्तर सांगायचं. चुकीचं सांगितलं की ज्याचं उत्तर आहे तो गप्प बसत नाही : 'नो, आय डिडन्ट से दॅट!' हे वाक्य पाठ करून येत नाही.

चुका? कुणी 'यस्टरडे आय गो टू मार्केट' म्हणालं, तर 'ओ, यू वेंट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?' असं विचारा. ग्रुपवर कुणी काही टाइप केलंच, तर स्पेलिंगच्या शॉर्टकटांकडे मी तर बघतही नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तेव्हा पालकांची संमती आधी घ्या. फोन नसलेल्याने तेच उत्तर तासाच्या सुरुवातीला आपल्या गटाला तोंडी सांगावं. आणि रात्री नऊनंतर बाई उत्तर देणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.