पैज तुम्हीच जिंकलात!

प्रश्न : मूकपटांतला काउबॉय विल्यम एस. हार्ट बोलपट आल्यावर मागे पडला, कारण त्याचा आवाज चांगला नव्हता, असं माझा मित्र म्हणतो. मला पटत नाही. चहा-भजीची पैज लागली आहे. निकाल द्या.
– एक वाचक, सातारा

उत्तर : भजी तुमची! हार्टचा शेवटचा चित्रपट ‘टम्बलवीड्स’ १९२५चा. बोलपटांचा गाजावाजा सुरू झाला त्यानंतर दोन वर्षांनी. तोवर गडी कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलच्या आपल्या रँचवर जाऊन बसला होता.

आणि आवाजाचं म्हणाल, तर हा मूळचा नाटकवाला. १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘बेन-हर’ हे नाटक आलं, त्यातला खलनायक मेसाला हार्टनंच केला. रथांच्या शर्यतीला रंगमंचावर खरे घोडे, त्यांच्या पायांखाली फिरते पट्टे! माइक नव्हते तेव्हा; शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर छातीतून आवाज लावावा लागे.

सिनेमात आला तो १९१४ साली, वयाच्या ४९व्या वर्षी. या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीचे हिशेब मांडतात. लहानपण अमेरिकेच्या मिडवेस्टात, म्हणजे मधल्या पश्चिम मुलखात गेलेलं, त्यामुळे पडद्यावरचे इस्त्रीचे काउबॉय बघून त्याचं डोकं फिरे. स्वतःच्या चित्रपटांत त्यानं धूळ आणली, मळके कपडे आणले आणि आधी वाईट, मग पस्तावणारा नायक आणला. ‘हेल्स हिंजेस’मध्ये (१९१६) तर हा नायक शेवटी अख्खं गाव पेटवून देतो. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात जबर काम तेच.

मग घोडं अडलं कुठे? टॉम मिक्स या दुसऱ्या पडद्यावरच्या काउबॉयपाशी. चकचकीत पोशाख, उड्या, हाणामारी, हशा. पोरं तिकडे पळाली. हार्टचा तोच गंभीर चेहरा आणि तेच डोळ्यांतलं पाणी. १९२२ साली विनोदी नट बस्टर कीटननं ‘द फ्रोझन नॉर्थ’मध्ये त्याची नक्कल केली. हार्टला ती भलतीच झोंबली. पुढे बराच काळ त्यानं बोलणं टाकलं, असं कीटनच सांगायचा. हार्टनं मात्र आपली तऱ्हा बदलली नाही. हट्टीच होता.

तरी आवाज ऐकायचाच असेल तर ‘टम्बलवीड्स’ १९३९ साली पुन्हा लावला तेव्हा आधी जोडलेलं त्याचं भाषण ऐका. रँचवर उभा, वय ७४. बोलणं नाटकी आहे, एवढा अर्धा गुण मित्राला द्या. सरपट दौडीची मजा सांगतो. शॉट झाल्यावर दिग्दर्शक हाक मारून म्हणतो, म्हाताऱ्या फ्रिट्झच्या नाकावर जरा थोपट. फ्रिट्झ म्हणजे त्याचा ठिपक्यांचा घोडा. तो आदल्याच वर्षी गेला होता, त्याच रँचवर पुरलेला. शेवटी हार्टला धुळीतून घोड्यांचा कळप येताना दिसतो, त्यात फ्रिट्झ, पाठीवर रिकामं खोगीर. इथे तो खणखणीत आवाज फुटतो.

भजी गरम असतानाच मित्राला ऐकवा.