मेहुण्यांच्या टिपवर मुलीच्या ॲडमिशनचे सहा लाख लावू का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचे आठ लूम आहेत, टॉवेलचं काम, सहा लाखांची एफडी आत्ता मॅच्युअर झालीये, मुलगी अकरावीत आहे आणि दोन वर्षांनी तिच्या इंजिनिअरिंगला हेच पैसे लागणारेत. मेहुण्यांनी टेलिग्रामच्या ग्रुपमधून ड्रोनचे पार्ट बनवणारी एक छोटी कंपनी सांगितली, आठ महिन्यांत 14 चा शेअर 52 झाला, तुम्ही 26 ला 50 हजार लावले त्याचे लाख झाले, आणि आता सहाच्या सहा लाख टाकू का असं विचारताय. सोबत ॲन्युअल रिपोर्टची पानं पाठवलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक फक्त चार्टचा स्क्रीनशॉट पाठवतात.

टाकू नका. कारण पण नीट सांगतो, नुसतं रिस्की आहे म्हणून सोडलं तर पुढच्या आठवड्यात शेअर 60 झाला की तुम्ही हळहळाल आणि मग 60 ला टाकाल.

तुम्ही नवीन पार्टीला उधारीवर माल द्यायच्या आधी काय करता? बाजारात दोघातिघांना फोन लावता, आधी कुणाचं थकवलंय का विचारता, पहिल्यांदा थोडाच माल देता आणि त्याचं पेमेंट आलं की मगच पुढची गाठोडी बांधता. चाळीस हजाराच्या मालाला एवढं बघता की. मग ज्या कंपनीचा कारखाना बघितला नाही, मालक बघितला नाही, तिला सहा लाख देताना तेच का नको? शेअर घेणं म्हणजे पैसे परत मिळतील अशी बोली पण नसलेली उधारी समजा.

आता तुमचीच पानं बघू. विक्री 38 कोटी, नफा 4.1 कोटी, इथपर्यंत छान दिसतं आणि ग्रुपवर एवढंच फिरतंय. पण बॅलन्स शीटमध्ये ट्रेड रिसीव्हेबल्स म्हणून ओळ आहे ती बघा, म्हणजे आपल्या भाषेत येणं बाकी, ते 29 कोटी आहे. 38 कोटीच्या विक्रीत 29 कोटी यायचेत, म्हणजे साधारण नऊ महिन्यांची विक्री लोकांकडे अडकलीये. तुमचं 90 दिवसांचं पेमेंट शंभरावर गेलं तर तुम्हाला सुताचं बिल भरताना घाम फुटतो, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंय. आणि कॅश फ्लोच्या पानावर धंद्यातून आलेली रोकड उणे 6 कोटी आहे. कागदावर 4 कोटी कमावले आणि गल्ल्यातून 6 कोटी गेले. वाढत्या धंद्यात एखाद वर्षी असं होतं, नाही असं नाही, पण मग माल खरंच गेला का, कुणाला गेला, ती पार्टी मालकाच्याच घरातली तर नाही ना हे विचारावं लागतं, त्यासाठी रिलेटेड पार्टीची नोट वाचायची, ती तुम्ही पाठवलेली नाहीये.

52 च्या भावाने सगळ्या कंपनीची किंमत 640 कोटी होते, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या 156 पट. तुमच्या शेजारचा आठ लूमचा कारखाना वर्षाला चार लाख सुटतात म्हणून कुणी सव्वासहा कोटीला विकायला काढला तर तुम्ही त्याच्याकडे बघाल का?

सगळ्यात जास्त मला खटकलं ते शेअरहोल्डिंगचं. चार तिमाहींत प्रमोटरचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्सा 61 टक्क्यांवरून 43 वर आलाय. त्याच काळात काही लोकांना 12 रुपयांनी वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क, दिलेत, वॉरंटमध्ये सुरुवातीला 25 टक्केच पैसे भरायचे असतात, बाकीचे 18 महिन्यांत. त्या वॉरंटचे शेअर झाले की प्रमोटरचा हिस्सा थोडा आपोआप कमी होतो हे खरं, पण 18 टक्के त्याने होत नाही, प्रमोटरने बाजारात विकलेत. ज्याला कंपनी आतून माहितीये तो विकतोय आणि ज्याला टेलिग्रामवरून कळलंय तो घेतोय. 12 वाल्यांचं लॉक-इन, म्हणजे विकायची बंदी, सुटलं की ते कुणाला विकणार? 52 ला घ्यायला जो उभा असेल त्यालाच.

मेहुणे म्हणतात ड्रोनचं भविष्य आहे. आहेच की, सरकारने 2021 मध्ये ड्रोनसाठी पीएलआय स्कीम, म्हणजे इथे माल बनवणाऱ्याला सरकारी प्रोत्साहन, पण आणली. स्टोरी खरी असते तिथेच तर माणूस फसतो, कारण धंद्याचं भविष्य असणं वेगळं आणि या कंपनीच्या हातात पैसे येणं वेगळं. पाच महिन्यांत यांनी तीन एमओयू जाहीर केलेत, एमओयू म्हणजे नुसता सामंजस्य करार, ऑर्डर नव्हे, त्यात आकडा पण नाही. साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण आठवतं का बघा, 2022 मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले की ही कंपनी अदानी घेणार, सगळं खोटं, लोक तुटून पडले, छोटे शेअरहोल्डर दोन-सव्वादोन हजारांवरून पंचावन्न हजारांवर गेले आणि आतल्यांनी त्यांच्याच गळ्यात माल मारला. मार्च 2023 ला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, ऑर्डर आली, पण तोवर घेणारे अडकलेले होते. तुमची कंपनी तशीच आहे असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही, पण ग्रुपवाल्याला सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, ॲडव्हायजरचा आयएनए पासून सुरू होतो आणि रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच पासून, आणि तो नंबर सेबीच्या साइटवर तपासा.

अजून एक, रोज 5 टक्के अप्पर सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव वाढायची कमाल मर्यादा, लागतंय म्हणून खूश आहात, पण तेच उलटं फिरलं तर चौदा दिवसांत भाव निम्म्याखाली, आणि मधे तुम्हाला विकताच येत नाही कारण लोअर सर्किटला घेणाराच नसतो. माझ्याकडे एक काका आले होते, रोज सकाळी सव्वानऊला सेलची ऑर्डर टाकून बसायचे, बावीस दिवस ऑर्डर लागलीच नाही, त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. म्हणून तुम्हाला सांगतो, सोमवारी निम्मे शेअर विकून बघा. सहज गेले तर तुमचे मूळ 50 हजार घरी आले, वर्षाच्या आत विकताय म्हणून फायद्यावर 20 टक्के टॅक्स जाईल तो जाऊ द्या, आणि उरलेले राहू द्या, कंपनी खरी निघाली तर तुमचा हिस्सा त्यात आहेच. आणि विकलेच गेले नाहीत, तर बाकी काही सांगायची गरज मला राहणार नाही.

छोट्या कंपन्यांतून मोठ्या कंपन्या होतात, मी पण शोधत असतो. पण या कंपनीबद्दल माझं मत बदलायचं असेल तर मला दोन वर्षं धंद्यातून रोकड अधिक दिसायला पाहिजे, येणं बाकी कमी व्हायला पाहिजे आणि प्रमोटरची विक्री थांबायला पाहिजे. तेव्हा भाव 90 असला तरी चालेल, 52 ला आंधळं घेण्यापेक्षा ते बरं.

सहा लाखाचं मात्र ठरवून टाका. दोन वर्षांनी लागणारा पैसा शेअरमध्ये नकोच, चांगल्या कंपनीच्या पण नको, फंडात पण नको. बीएसईचा स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचा, इंडेक्स जानेवारी 2018 ला 20 हजारांच्या आसपास होता, मार्च 2020 ला 9 हजारांच्या खाली, दोन वर्षंच झाली होती की, आणि कॉलेज फीची तारीख पुढे ढकलत नाही. परत एफडी करा, दोन बँकांत तीन-तीन लाख, कारण ठेवीवरचं विमा कवच एका बँकेत एका माणसाला व्याज धरून 5 लाखांपर्यंतच आहे. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडे नेऊ नका, तिथल्या ठेवीला हे कवच नाहीच. छोट्या कंपन्यांची हौस असेल तर धंद्यातून महिन्याला सुटतील त्यातले दोन-तीन हजार स्मॉलकॅप फंडाच्या एसआयपीत, सात-आठ वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर.

रिलेटेड पार्टीच्या नोटचं पान आणि ऑडिटरचा रिपोर्ट घेऊन शनिवारी ऑफिसला या, दुपारी दोनपर्यंत आहे मी. मेहुण्यांना पण आणा, त्यांनी स्वतः किती लावलेत आणि कितीला घेतलेत हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.